काजळाच्या कणाला केस असतात

नंदुरबार
२२ जुलै २०२४

चि. रूपल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडून टाकलं नसशील, तर पुढचं वाच. हे माफीचं पत्र नाही, भांडणाचंही नाही. एक अडचण आली आहे. ती सोडवू शकेल असं माझ्या ओळखीत एकच माणूस आहे आणि ते नेमकं पाच वर्षं माझ्याशी बोलत नाही. फोन तू उचलत नाहीस. मम्मीकडून विचारून घेतलं असतं. तुम्ही दर रविवारी बोलता हे मला माहीत आहे. ती पापड बघायला म्हणून गच्चीवर जाते, भर पावसाळ्यात. पण मला तिच्या तोंडून उत्तर नको आहे.

अडचण शाईची आहे. दादी गेली तेव्हा तिनं वाळवून ठेवलेल्या शाईच्या वड्यांचा एक डबा मागे राहिला होता, तो या वैशाखात संपला. (ती गेली तेव्हा तू बारा दिवस घरी होतीस आणि मला ‘चहा घ्या’ एवढंही म्हणाली नाहीस. असो.) यंदा उपाश्रयात चातुर्मासाला आलेल्या साध्वी महाराजसाहेब एका सूत्राची पोथी हातानं लिहीत आहेत. सहा वर्षं चाललं आहे, गावोगाव विहार करत, आणि सगळी पोथी दादीच्या शाईत आहे. शेवटची चाळीस पानं राहिली. ती दिवाळीनंतरच्या ज्ञानपंचमीच्या आत व्हायला हवीत, कारण त्या दिवशी पोथी पूजेत मांडायची आहे. मी भर सभेत उभा राहून सांगून बसलो की शाई आमच्याच घरची येईल, आईच्याच पद्धतीनं.

पद्धत तुला माहीत आहे. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर परळ धरून काजळ काढायचं. ते मी चातुर्मास लागायच्या आधीच काढून ठेवलं, दिव्यावर किडे यायला नकोत म्हणून. काजळाच्या दुप्पट धावड्याचा डिंक, थोडा हिराबोळ, आणि तांब्याच्या पातेल्यात कडुनिंबाच्या दांड्यानं घोटत बसायचं. दुकानातला नथ्थू आणि मी आळीपाळीनं सहा दिवस घोटलं. आणि शाई फाटली, रूपल. सकाळी बघतो तर वर काळपट पाणी, खाली चिखल. ढवळली की तेवढ्यापुरती एक होते, बोरूत घेतली की टोकाशी गोळा. नथ्थू म्हणाला, “शेठ, हाई शाई शे का नासेल दूध शे?” महाराजसाहेबांनी एक ओळ लिहून पाहिली. अक्षरांच्या पोटात दाणे दिसत होते. त्यांनी बोरू धुऊन ठेवला.

दादीची शाई लोटीत महिना महिना न ढवळता राहायची. तळाशी बोट फिरवलं तरी गाळ नाही. लहानपणापासून हे बघत आलो आणि मला त्यात कधी नवल वाटलं नाही. आता वाटतं. काजळ तर पाण्यात भिजतसुद्धा नाही, मग ते महिनाभर पाण्यात लटकून कसं राहतं? मम्मी म्हणते, तू जे शिकते आहेस ते हेच: पाण्यात लटकलेले बारीक कण कसे वाहतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो होतो, की एवढ्यासाठी बंगळूरू? आता विचारायला आलो आहे. ही शाई वाहील कशी?

जुनं उकरायचं नाही. तुझ्या पदवीच्या मूळ प्रमाणपत्राचं पाकीट पोस्टमनकडून मी सही करून घेतलं, टेबलाच्या खणात ठेवलं आणि विसरलो. प्रमाणपत्र वेळेवर दाखवलं नाही म्हणून तुझी शिकायला मिळालेली जागा गेली, वर्ष गेलं. मान्य. पण विसरणं हा काय गुन्हा आहे? संवत्सरीला क्षमापनेचं कार्ड दर वर्षी पाठवतो, जाणते-अजाणतेपणी मन दुखावलं असेल तर माफी असावी, असं. तू दर वर्षी ते परत पाठवतेस आणि त्यावर एकच शब्द: ‘कशाबद्दल?’ गावात चारशे घरांना तेच कार्ड जातं. छापील कार्डाला असा प्रश्न कोणी विचारतं का?

शाईचं तेवढं कळव.

पप्पा


५ ऑगस्ट

चि. रूपल,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, डॉक्टरची चिठ्ठी! वर नाव नाही, खाली सही नाही, तीन सूचना आणि एक प्रश्न. तरी मी ते चार वेळा वाचलं. सध्या शर्टाच्या खिशात आहे.

सूचनेप्रमाणे सगळं केलं. पातेलं हलवायचं नाही म्हणालीस, नाही हलवलं. एक सामायिक होईपर्यंत शेजारी बसलो, म्हणजे घड्याळाची अठ्ठेचाळीस मिनिटं. शाई दह्यासारखी लागली. पातेलं तिरकं केलं तरी जागची हलेना. मग हळू ढवळली: पातळ. जोरात ढवळली: आणखी पातळ. सोडली, आणि पुढच्या सामायिकात पुन्हा दही. काचेवर थेंब ठेवून वर पाण्याचा थेंब सोडला तर एकसारखी करडी न होता काळी जाळी पसरली, रव्यासारखी. हे सगळं नथ्थूनं माझ्या भिंगातून पाहिलं आणि विचारलं, “शेठ, तुम्ही आते डागदर व्हयी ऱ्हायनात का?”

तुझा प्रश्न: पाण्यात काय घालता? काही नाही. उकळून गार केलेलं पाणी, दादी घ्यायची तसंच.

पण एक माझाही प्रश्न आहे. दही लागावं तसं हे लागतं, तर आत काहीतरी एकमेकांना धरतं आहे. कोण कोणाला धरतं? मला समजेल अशा मराठीत लिही. मी रंगाचा व्यापारी आहे, अगदीच ढ नाही.

पप्पा


१८ ऑगस्ट

चि. रूपल,

या वेळी दोन पानं! वर नाव याही वेळी नव्हतं, पण शेवटी ‘समजलं नाही तर विचारा’ असं होतं. दुकानात वाचायला घेतलं आणि पिवळा मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हिरवा डबा देऊन बसलो.

मला समजलं ते लिहितो. काजळाचे उघडे कण पाण्यात सोडले तर ते फिरत फिरत एकमेकांना भेटतात आणि चिकटतात. चिकटून गोळा, गोळ्याचा गाळ. डिंक म्हणजे चिकटवायची वस्तू, असं मी जन्मभर समजत होतो. तू लिहितेस की शाईत तो नेमकं उलटं काम करतो. डिंकाचे लांब लांब धागे असतात. धाग्याचं एक टोक कणाला घट्ट धरतं, बाकीचा धागा पाण्यात मोकळा सुटतो. एका कणावर असे कितीतरी. म्हणजे काजळाच्या प्रत्येक कणाला केस आहेत! दोन कण जवळ आले की मधे केसांची दाटी होते. त्या केसांना पाणी आवडतं, दाटी आवडत नाही, म्हणून ते दोघांनाही मागे सारतात. कोणी कोणाला चिकटत नाही आणि शाई वाहत राहते. आणि हे केस केवढे? आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे पाच हजार भाग करा, त्यातला एखादा.

मी वाचता वाचता म्हणालो, ही मुलगी मला बनवते आहे. इतकं बारीक दिसणार कोणाला? तर पुढच्याच ओळीत तू लिहिलं होतंस की ते कोणालाच दिसत नाहीत, वाहण्यावरून मोजतात. केसाळ कण आहे त्यापेक्षा मोठा असल्यासारखा वागतो, त्यामुळे शाई जरा दाट वाहते. किती दाट, त्यावरून केस किती लांब ते कळतं. न दिसणाऱ्या वस्तूची लांबी तिच्या चालीवरून! मी पत्र खाली ठेवलं. अंगावर काटा आला होता, खरं सांगतो. आणि हे माझ्या मुलीला येतं, हे मला आणखी अर्ध्या तासानं लक्षात आलं.

शेवटी तू लिहिलंस की माझ्या दुकानातल्या रंगांतही कणांना असेच केस लावलेले असतात, नाहीतर डबा वर्षभर टिकला नसता. चाळीस वर्षं मी डबे विकले. झाकणावरचा नंबर पाहिला, आत कधी पाहिलं नाही. उठून पांढऱ्याचा मोठा डबा उघडला आणि बघत उभा राहिलो. त्या एका डब्यात एवढे कोटी कोटी कण, सगळे केस मोकळे सोडून बसलेले, आणि एकाचा दुसऱ्याला धक्का नाही. देरासरात मूर्तीपुढे उभं राहताना होतं तसं काहीसं झालं. नथ्थूनं विचारलं, “शेठ, काय पडनं त्याम्हा?” म्हटलं, “केस.” तो चाळणी घेऊन आला.

मम्मीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “पोरीचं लिहिणं इतकं मन लावून आधी वाचलं असतंत, तर...” तिचं वाक्य अर्धंच असतं, तुला माहीत आहे.

आता कामाचं. तू लिहितेस, पाण्यात कसला क्षार असला तर केस आखडतात, कणालाच चिकटून झोपतात, आणि उघडे पडलेले कण एकमेकांना धरतात. आमच्या पाण्यात क्षार कुठला? मीठ मी घातलेलं नाही. मी विचार केला, केसच खोटे असतील, म्हणजे डिंकात भेसळ असेल. डिंक धडगावच्या डोंगरातून जान्या आणतो. तू त्याला पाहिलं आहेस, दादीला आई मानून ‘हिराय’ म्हणायचा. शेअर जीपमध्ये तेराव्या माणसाच्या मांडीवर अर्धा बसून घाट चढलो आणि त्याच्या अंगणात उभा राहून त्याला बोललो. चार माणसं बघत होती. म्हटलं, तुझ्यामुळे साध्वीजींची पोथी अडली, माझ्या आईच्या शाईचं नाव गेलं. तो ओरडला नाही. आत जाऊन डिंकाचं मडकं घेऊन आला, मग मला झाडाशी नेलं, सालीवरची जुनी खाच दाखवली. म्हणाला, “शेठ, पावसात झाड डिंक देत नाय. उन्हात देतं. मी खाली हात धरतो. त्यात मी काय घालणार?” मी मूठभर नमुना घेतला आणि निघालो. तो नमुना आणि काजळाची पुडी सोबत पाठवत आहे. तूच तपास.

आणि तू पुन्हा विचारलं आहेस, पाण्यात काय घालता. पुन्हा सांगतो, काही नाही.

पप्पा


३ सप्टेंबर

रूपल बेटा,

तुझी बाटली २५ तारखेला आली. बोटाएवढी काचेची बाटली, आत शाई, आणि चिठ्ठीवर दोन वाक्यं. ‘इथे वाहते. मग तिथलं सांगायचं काय राहिलं आहे?’

मी बाटली तिरकी केली. शाई काचेवरून सरकली आणि काच पुन्हा स्वच्छ दिसली. एक दाणा नाही. माझंच काजळ, जान्याचाच डिंक. दोन दिवस ती दुकानाच्या टेबलावर ठेवली आणि येता-जाता बघत होतो. तळाला काही बसलं नाही. गिऱ्हाईक विचारायचं, “शेठ, हे काय?” मी सांगायचो, “मुलीनं पाठवलं आहे.” पाच वर्षांत हे वाक्य मी प्रथमच बोललो.

खाई त्याला खवखवे. पाण्यात चुना असतो.

दादी दिवसातून तीनदा ताजं पाणी उकळायची. पावसाळ्यात उकळलेलं पाणी तीन प्रहरच चालतं, पुढे त्यात पुन्हा जीव पडतात, हे तुला सांगायला नको. तीनदा चूल कोण पेटवणार? म्हणून माझ्या माठात मी पहिल्यापासून सकाळी एकदाच उकळलेलं पाणी घालतो आणि चिमूटभर चुना टाकतो, की दिवसभराची काळजी मिटली. प्यायला चालतं, तर शाईला काय धाड भरली आहे? उलट मला वाटलं, शाई जास्तच शुद्ध होईल. चुना हा क्षार असतो, हे तुझं पत्र वाचताना मला कळलं नव्हतं असं नाही. कळलं होतं. पण भर सभेत ‘आईच्याच पद्धतीनं’ म्हणालो होतो ना. तुला सांगायची लाज वाटली आणि डोंगर चढून दुसऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकून आलो.

मग मी स्वतः पाणी उकळलं. दिवसातून तीनदा. मम्मी दारात उभी राहून बघायची आणि हसायची. सहा दिवस घोटलं. चौथ्या दिवशी जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. लापशी अगदी दाट झाली होती. दांडा हळू फिरवला की पाकासारखी सरकायची. नथ्थूला दुपारी घाई झाली, त्यानं जोर लावला आणि शाईचा दगड झाला! दांडा उभाच्या उभा अडकला, पातेलं त्याच्याबरोबर उचललं गेलं. नथ्थूनं हात सोडला तसा तो दांडा हळूच कलंडला आणि शाई पुन्हा वाहायला लागली. तो दोन पावलं मागे सरकला. “शेठ, हिना आंगम्हा काहीतरी येल शे!”

मी त्याला तुझं दुसरं पत्र समजावून सांगितलं. घाईनं ढकललं की कण एवढ्या वेगानं अंगावर येतात की केसांना त्यांना मागे सारायला सवड मिळत नाही, सगळे एकमेकांत अडकतात. हळू घ्या, वाट देतात. नथ्थू म्हणाला, “म्हंजे मन्ही बायकोसारखीच शे.” मी हसलो, पण मला दुसरंच माणूस आठवलं. मग आम्ही दोघं म्हातारे लहान मुलांसारखे कितीतरी वेळ तेच करत बसलो. जोर लावायचा, दगड. सोडायचा, पाणी. दुकान गिऱ्हाइकांना बंदच होतं. रूपल, तू रोज हे बघतेस? तुझी नोकरीच ही आहे?

काल सकाळी शाई उपाश्रयात नेली. महाराजसाहेबांनी बोरू बुडवला आणि एक ओळ लिहिली, मग दुसरी. मला वाटलं होतं, दोन ओळी पाहून ठेवतील. त्यांनी पान पूर्ण केलं. अक्षरांच्या कडा एवढ्या स्वच्छ की मी श्वास रोखून बसलो होतो. पुढे त्यांनी दादीच्या शाईतलं जुनं पान काढून शेजारी ठेवलं. मला फरक सांगता आला नाही. त्यांनी विचारलं, “कोणी केली?”

मी म्हणालो, “माझ्या मुलीनं.”

त्या म्हणाल्या, “तिला धर्मलाभ कळवा.” तो या पत्रात कळवत आहे. आणि चुन्याचंही मी तिथेच त्यांना सांगून टाकलं.

तुझा,
पप्पा


८ सप्टेंबर

रूपल बेटा,

काल संवत्सरी झाली. यंदा तुला कार्ड पाठवलेलं नाही. छापून आणलेला गठ्ठा समोर होता, तुझं नाव लिहायला घेतलं आणि तुझा शब्द आठवला. कशाबद्दल? लिहायला जागाच नाही त्या कार्डावर.

परवा मी पुन्हा धडगावला गेलो. मम्मी म्हणाली, सात दिवसांचे उपवास आहेत, जीपमध्ये चक्कर येईल. आली नाही. जान्या अंगणातच होता. मी त्याला सांगितलं, “जान्या, तुझा डिंक चांगला होता. चुना मी घातला होता. आणि घातला आहे हे मला माहीत असताना मी चार माणसांत तुला खोटं ठरवलं.” तीन वाक्यं. घाटभर पाठ करत गेलो होतो, तरी तिसरं दोनदा चुकलं. तो म्हणाला, “शेठ, तू एवढ्या वर हे बोलायला आलास?” म्हटलं, हो. “मग बस. चहा पी.” म्हटलं, उपवास आहे. म्हणाला, “मग नुसता बस.”

मी बसलो. बायको भाकरी थापत होती, कोंबड्या पायांतून फिरत होत्या. आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. अठ्ठावन्न वर्षांत चारशे घरांची माफी मागत आलो, पण नाव घेऊन माफी मी आयुष्यात पहिल्यांदा मागितली होती.

तर आता तुझं.

पाकीट मी विसरलो नव्हतो.

ते २०१९ च्या जूनमध्ये आलं, सोमवारी, दुपारी. आत काय आहे ते मला माहीत होतं. सुरतच्या त्या स्थळाकडून होकार आला होता. मला वाटलं, प्रमाणपत्र हातात पडलं की तू जाशील. दूर जाशील, आणि तिथून परत आलीस तरी आमची राहणार नाहीस. मी ते खणात ठेवलं, दरपत्रकांच्या खाली. तू रोज संध्याकाळी दुकानात यायचीस. विचारायचीस, “पप्पा, आलं का?” मी टेबलाशी बसलेलो असायचो, खण माझ्या गुडघ्याला लागायचा, आणि मी म्हणायचो, “नाही.” मग तू पोस्टात जायचीस, विद्यापीठात फोन करायचीस, एकदा एसटीनं जाऊन आलीस. अकरा दिवस. मी मोजले आहेत, रूपल. अकरा वेळा विचारलंस आणि अकरा वेळा मी तुझ्या तोंडाकडे बघून नाही म्हणालो. मुदत संपली त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. हेही सांगतो, कारण हे कोणालाच माहीत नाही.

पोस्टातल्या कागदावर माझी सही पाहून तू आलीस, तेव्हा खरं बोललो असतो तर कदाचित... पण मी ‘विसरलो’ म्हणालो, आणि मग ते इतक्या वेळा म्हणालो की मलाही पटायला लागलं.

मला वाटायचं, माणसं जवळ राहावीत तर त्यांना धरून ठेवायचं. त्यात तुझा श्वास कोंडला.

मी तुझं प्रमाणपत्र लपवलं. तुझं वर्ष मी घेतलं. रोज खोटं बोललो आणि पाच वर्षं त्याला विसरणं म्हणत राहिलो. या सगळ्याबद्दल, नाव घेऊन, मिच्छामि दुक्कडं.

उत्तर आलं नाही तरी चालेल. शाई चांगली वाहते आहे. बारा पानं झाली.

तुझा,
पप्पा


बंगळूरू
१६ सप्टेंबर

पप्पा,

पत्र मिळालं. लॅबमध्ये उघडलं, ही चूक झाली. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला सांगावं लागलं की डोळ्यांत काहीतरी उडालं.

तुम्ही लपवलंत हे मला पोस्टातल्या त्या सहीवरच कळलं होतं. मला नवीन काही कळलेलं नाही, एक गोष्ट सोडून: मुदत संपली तेव्हा तुम्हाला बरं वाटलं होतं. ते वाचून खूप राग आला. नंतर लक्षात आलं की हे तुम्ही सांगितलं नसतंत तर मला कधीच कळलं नसतं. माझा राग गेलेला नाही. पण आता तो कशाचा आहे ते आपल्या दोघांनाही माहीत आहे, आणि मला एकटीला तो सांभाळावा लागणार नाही.

आता माझं ऐका. तुमच्या पिण्याच्या माठात चुना असतो, हे मला सातवीपासून माहीत आहे. चातुर्मासात तो माठ मीच भरत होते. ‘दह्यासारखी लागते’ हे वाचलं त्याच क्षणी मी म्हणाले, पप्पांनी चुना घातला. तेव्हाच एका ओळीत लिहिता आलं असतं. मी लिहिलं नाही. मी विचारलं, पाण्यात काय घालता? तुम्ही नाही म्हणालात. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा तुम्ही सांगितलंत. अकराच्या मानानं ही सुधारणाच आहे.

पण तुमची परीक्षा घ्यायला मी महाराजसाहेबांची शाई महिनाभर अडवून धरली, आणि त्यात जान्याकाकांना चार माणसांत बोलणी खावी लागली. चुन्याचं मला माहीत असून हे घडलं. याबद्दल तुम्हाला, त्यांना आणि महाराजसाहेबांना, नाव घेऊन, मिच्छामि दुक्कडं. काकांना तुम्ही सांगू नका. मी येईन तेव्हा मी वर जाऊन सांगेन.

तुम्ही विचारलंत, मी रोज हे बघते का. हो. चार वर्षं रोज बघते आहे आणि अजून सवय झालेली नाही. घाईनं ढवळलेल्या शाईचा दगड होतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीसुद्धा दुपारभर तेच करत बसले होते. तेव्हा कोणाला तरी फोन करून सांगावंसं वाटलं होतं. कोणाला, ते तुम्ही ओळखाल.

ज्ञानपंचमी झाली की इकडे या. पोथीची शाई उरली तर थोडी आणा. केस दिसणार नाहीत, ते कोणालाच दिसत नाहीत. पण भिंगाखाली कण थरथरत असतात, एकमेकांच्या जवळ येतात आणि न चिकटता बाजूला होतात. ते तुम्हाला दाखवायचं आहे. मम्मीला घरी एकटं वाटेल, तिलाही आणा.

मी दिवसभर ज्या खोलीत असते, ती खोली तुम्ही अजून पाहिलेली नाही. मी स्टेशनवर घ्यायला येईन.

रूपल